गप्प टॅपेटचा धोका

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे ३३ वेळा उघडतो आणि मिटतो. या माराने टॅपेटची फट हळूहळू बदलते.

टकटक वाढली की स्वार घाबरतो. पण खरा घात करतो तो घट्ट, गप्प टॅपेट! एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही, त्याची उष्णता सिलिंडर हेडमध्ये उतरत नाही आणि कडा जळते. लांबच्या प्रवासाआधी ही तपासणी टाळूच नये.

इंजिन गार हवे. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून फीलर गेजचे पाते फटीत सरकवायचे. किंचित अडत सरकले की माप बरोबर.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटला पातेही लागत नाही: पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, वरखाली मात्र हलू नये. २००९च्या क्लासिकमध्ये हायड्रॉलिक टॅपेट आले आणि हे काम तेलाच्या दाबाकडे गेले.