जुनी पाकिटे जपून ठेवा

पोस्टाची तिकिटे जमविण्याचा छंद आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी जोपासला असेल. आम्हीही जोपासला. घरच्या ट्रंकेतली जुनी पाकिटे पाण्यात भिजवायची, तिकीट अलगद सोडवून वहीत चिकटवायचे आणि पाकीट चुलीत टाकायचे, असा आमचा क्रम होता. पुढे आमचे चुलते मुंबईला गिरणीत केव्हा लागले, कोणत्या चाळीत राहिले, हे जाणून घ्यावेसे वाटले, तेव्हा सांगणारे कोणी उरले नव्हते. ते सारे त्या पाकिटांवर होते आणि ती आम्हीच जाळली होती. तिकिटे तेवढी वहीत राहिली. पण तशी तिकिटे बाजारात कोठेही मिळतात.

तेव्हापासून आम्ही नुसते तिकीट नव्हे, तर अख्खे पाकीट जमवितो. या अभ्यासाला टपालाचा इतिहास म्हणतात.

पाकीट वाचावे कसे? तिकिटावरचा गोल शिक्का पत्र कोठून व कोणत्या तारखेला निघाले ते सांगतो. पाठीमागे बहुधा पोहोचल्याचा शिक्का असतो. दोन्ही तारखांची वजाबाकी केली की प्रवासाचे दिवस कळतात. शिक्का पुसट असेल तर पाकीट तिरप्या उजेडात धरून भिंगातून पाहावे. तिकीट कमी लावलेले पत्र 'बैरंग' होई व घेणाऱ्याला कमी पडलेल्या रकमेची दुप्पट भरावी लागे. खोडलेला पत्ता, 'मालक गावी नाही' असा पोस्टमनचा शेरा, हेही वाचावे. माणूस गाव सोडून गेल्याची ती नोंद असते.

शिक्का नसला तरी तिकिटाच्या किमतीवरून काळ ओळखता येतो. १ ऑक्टोबर १८५४ पासून देशभर एकसारखी तिकिटे सुरू झाली आणि अंतरावर नव्हे, तर वजनावर आकार ठरू लागला. पोस्टकार्ड १८७९ साली पाव आण्यात निघाले. आंतर्देशीय पत्र २ ऑक्टोबर १९५० चे. किंमत आण्यांत असेल तर तिकीट १ एप्रिल १९५७ पूर्वीचे. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ या काळातले समजावे. मात्र तिकीट निघाल्यावर ते पुढे बरीच वर्षे वापरले जाई, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्या भागातील पाकिटांना आणखी एक महत्त्व आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाने १८६९ पासून स्वतःची तिकिटे काढली. पुढच्या तिकिटांवर किंमत उर्दू, इंग्रजी, तेलुगू व मराठी अशा चार भाषांत छापलेली असे. पण ही तिकिटे संस्थानाच्या हद्दीतच चालत. बीडहून औरंगाबादला पत्र धाडायचे तर निजामाचे तिकीट चाले. पुण्याला धाडायचे तर इंग्रजी अमलाचे तिकीट लागे. आष्टी-जामखेड भागात तर दोन्ही अमलांची गावे एकमेकांत मिसळलेली होती. १९५० साली संस्थानाचे टपाल भारतीय टपालात विलीन झाले. ही सरहद्द आज जमिनीवर दिसत नाही. जुन्या पाकिटावर मात्र दिसते.

आता आपल्या कड्याचाच पिनकोड पाहा : ४१४२०२. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल अधिकाऱ्याने आखला. ते संस्कृतचे कवीही होते. पहिला अंक ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा विभाग. पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात व शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. बीड शहराचा पिनकोड ४३११२२ आहे. आपला मात्र ४१४ ने, म्हणजे नगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) अंकांनी सुरू होतो. जिल्हा बीड, पण टपालाची वाट नगरची! कागदोपत्री जिल्हा कोणताही असो, माणसांची व पत्रांची वहिवाट कोणती होती, हे सहा अंकांत उमटले आहे.

टपालाच्या जुन्या सेवा एकेक करून संपत आहेत. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. म्हणून घरात जे आहे ते आजच सांभाळले पाहिजे. तिकीट सोडवू नये, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये. पत्र व पाकीट एकत्र, कोरड्या जागी ठेवावे. वडीलधाऱ्यांना विचारून पत्र कोणी कोणाला लिहिले, ते वेगळ्या चिठ्ठीवर नोंदवावे आणि पत्रातील खासगी मजकुराचा मान राखावा.

राजे-सरदारांची पत्रे दप्तरखान्यात जपली जातात. गिरणीत, रेल्वेत, उसाच्या फडात राबलेल्या आपल्या माणसांच्या पत्रांना दुसरा दप्तरखाना नाही. घरची ट्रंक हाच त्यांचा दप्तरखाना. या दिवाळीच्या साफसफाईत ती ट्रंक रद्दीवाल्यापुढे उघडण्याआधी एकदा आजीपुढे उघडावी, एवढीच आमची विनंती आहे.