वजन उतरते, पण वजन उचलवत नाही

दिग्रससारख्या तालुक्याच्या गावातही आता पहाटे फिरायला जाणाऱ्यांबरोबर जिममध्ये वजन उचलणारे वाढले आहेत. कॉलेजचे तरुण तर आहेतच, पण चाळिशी ओलांडलेले दुकानदार, शिक्षक, नोकरी करणाऱ्या महिलाही त्यांत आहेत. बहुतेकांचा हेतू एकच असतो : पोटावरची चरबी कमी करायची. पहिले दोन-तीन आठवडे उत्साहात जातात. भात बंद होतो, रात्रीचे जेवण बंद होते, पोळ्या चारावरून एकीवर येतात. काटा तीन किलो खाली सरकतो.

मग चौथ्या आठवड्यात गाडी अडते. जे 40 किलो सहज उचलले जात होते, ते आता उचलवत नाही. दुपारी दुकानात बसल्या-बसल्या डोळे मिटतात, घरी चिडचिड होते, जिना चढताना पाय जड पडतात. अशा वेळी कुणी व्यायाम सोडतो, कुणी आहाराचे नियम सोडतो, तर कुणी आणखी कमी खाऊ लागतो. खरे तर यांपैकी काहीच करायचे नसते. कपात किती केली आणि कशात केली, हे तपासायचे असते.

थकवा म्हणजे आळस नव्हे

वजन उचलताना स्नायू मुख्यतः साखर जाळतात. ही साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. प्रौढ माणसाच्या स्नायूंत साधारण 400 ग्रॅम आणि यकृतात सुमारे 100 ग्रॅम एवढाच हा साठा असतो. भाकरी, पोळी, भात एकदम बंद केले की तो काही दिवसांत बराच उतरतो. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठवलेले असते. साठा घटला की तेही निघून जाते. पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने उतरतो, त्यात या पाण्याचा मोठा वाटा असतो. चरबी तेवढी गेलेली नसते, जोर मात्र गेलेला असतो.

कपात फार मोठी आणि लांबलेली असेल, तर शरीर खर्चही आवरते घेते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांना सहा महिने नेहमीच्या जवळपास निम्म्या आहारावर ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे चौथ्या हिश्शाने घटले. त्याबरोबर अंगातली ताकद गेली, सतत थंडी वाजू लागली, उदासी आणि चिडचिड वाढली, डोक्यात रात्रंदिवस खाण्याचेच विचार राहू लागले. हे सगळे स्वयंसेवक मनाने खंबीर होते. म्हणजे प्रश्न निर्धाराचा नव्हता, इंधनाचा होता.

स्नायू वाचवणे का गरजेचे

मग नुसते कमी खाऊन बारीक का होऊ नये? याचे उत्तर पुण्यातल्या एका छायाचित्रात आहे. 2004 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा अंक, 22.3 असा सारखाच होता. पण तपासणीत डॉ. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के निघाली, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के.

दिसायला सडपातळ, पण आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही भारतीयांची ठेवण आहे. मधुमेह आपल्याकडे कमी वजनात आणि कमी वयात गाठतो, त्यामागे तीही एक कारण आहे. अशा माणसाने उपाशी राहून वजन घटवले, तर चरबीबरोबर आधीच थोडका असलेला स्नायूही जातो. वजन उचलण्याचा व्यायाम शरीराला सांगतो, की हा स्नायू कामाचा आहे, तो ठेव. मात्र तो व्यायाम करण्याइतका जोर शिल्लक ठेवावा लागतो.

घाई नको

नॉर्वेतील एका अभ्यासात खेळाडूंचे दोन गट केले होते. एकाने आठवड्याला शरीराच्या वजनाच्या 0.7 टक्के, तर दुसऱ्याने 1.4 टक्के वजन घटवायचे ठरवले. दोन्ही गट वजनांचा व्यायाम करत होते. हळू चाललेल्या गटाची चरबी गेली आणि स्नायू थोडे वाढलेही. घाई करणाऱ्यांचे स्नायू वाढले नाहीत.

70 किलोच्या माणसासाठी हा हळू वेग आठवड्याला साधारण अर्धा किलो होतो. दिवसभर बैठे काम आणि तासभर व्यायाम करणाऱ्या अशा माणसाला वजन आहे तेवढे राखायला सुमारे 2200 कॅलरी लागत असतील, तर 1800 वर यावे, 1200 वर नव्हे. कपात 300 ते 500 कॅलरींची पुरे. ती साखरेचा चहा, फरसाण, तळण आणि भाजीवरच्या तेलाच्या तवंगातून आधी करावी. भाकरीवर कात्री सर्वांत शेवटी.

दुसरी गरज प्रथिनांची. सर्वसाधारण प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात. आहार कमी करून वजने उचलणाऱ्याला 1.2 ते 1.6 ग्रॅम लागतात, म्हणजे 70 किलोला किमान 84 ग्रॅम. शाकाहारी ताटात ते बसते का? हिशेब असा : घट्ट वरण किंवा उसळीच्या तीन वाट्या 20 ग्रॅम, ज्वारीच्या चार मध्यम भाकरी 20, सोयाबीन वडी 40 ग्रॅम घेतली तर 20, मूठ-दीड मूठ फुटाणे 10, पाव लिटर दूध 8 आणि वाटीभर दही 6. बेरीज 84. दोन-तीन चमचे तेल, भाजी आणि एखादे फळ धरून हे सगळे 1800 कॅलरींच्या आसपास बसते. अंडी खाणाऱ्याला प्रत्येक अंड्यामागे सहा ग्रॅम मिळतात.

ज्या तालुक्यात शेतात तूर आणि सोयाबीन पिकते, तिथे महागड्या डब्याची गरज पडू नये. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहार मार्गदर्शक सूचनांतही स्नायू वाढवण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात, असे सांगितले आहे. पातळ वरणाचे पाणी मात्र हिशेबात धरू नये. डाळ वाटीत दिसली पाहिजे.

केव्हा खावे

एकूण खाणे तेवढेच ठेवून वेळ बदलली, तरी फरक जाणवतो. संध्याकाळी जिमला जाणाऱ्याने तास-दीड तास आधी अर्धी भाकरी आणि दही, किंवा फुटाणे आणि केळे खावे. पहाटे साडेपाचला जाणाऱ्याने निघण्यापूर्वी एक केळे किंवा तीन-चार खजूर पुरे. त्याने रात्रीचे जेवण मात्र गाळू नये, कारण सकाळचा जोर तिथून येतो. व्यायामानंतर दोन तासांच्या आत प्रथिने असलेले जेवण व्हावे. एकादशी, नवरात्रात साबुदाण्याच्या खिचडीवर भिस्त असते. तिच्यात पिष्ट आणि तेल भरपूर, प्रथिने थोडी. उपवासाला दही, दूध, शेंगदाणे घ्यावेत आणि त्या दिवशी जड व्यायाम ठेवू नये.

विदर्भातला उन्हाळा हा वेगळा हिशेब आहे. एप्रिल-मेमध्ये घामावाटे पाणी आणि मीठ जाते आणि तोच थकवा आहाराच्या माथी मारला जातो. सकाळी लघवीचा रंग गडद पिवळा असेल, तर पाणी कमी पडते आहे. मठ्ठा, लिंबू-मीठ-पाणी उपयोगी पडते. रक्तदाब असलेल्यांनी मिठाबाबत डॉक्टरांना विचारावे.

झोपेचा परिणाम तर थेट चरबीवर होतो. शिकागो विद्यापीठातील 2010 च्या एका छोट्या प्रयोगात दहा जणांना सारखाच कमी आहार दिला. साडेआठ तास झोपेची मुभा असताना त्यांची 1.4 किलो चरबी घटली, साडेपाच तासांची असताना फक्त 0.6 किलो. एकूण वजन मात्र दोन्ही वेळा जवळपास तेवढेच उतरले होते. रात्री अकराला दुकान आवरून पहाटे पाचला जिम गाठणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

व्यायामात वजन कमी करण्यापेक्षा फेऱ्या कमी कराव्यात. चार सेट होत असतील तर दोन-तीन करावेत, पण वजन शक्यतो तेच राखावे. आठवड्यात तीन दिवस पुरतात. दोन-अडीच महिन्यांनी एक-दोन आठवडे पूर्ण आहारावर यावे. भूक आणि थकवा दोन्ही आवरतात.

तपासणी केव्हा

प्रत्येक थकवा आहाराचा नसतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. पुण्यात 441 मध्यमवयीन पुरुषांच्या अभ्यासात 67 टक्क्यांचे बी-12 जीवनसत्त्व कमी होते. खाणे वाढवून आणि विश्रांती घेऊनही दोन आठवड्यांत जोर परत आला नाही, तर हिमोग्लोबिन, बी-12, थायरॉइड आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी. जेवणाबरोबरचा चहा लोह शोषू देत नाही. त्याऐवजी वरणावर लिंबू पिळावे.

काही खुणा दिसल्यास लगेच डॉक्टर गाठावा : चक्कर, छातीत दुखणे किंवा धडधड. पाळी अनियमित होणे किंवा थांबणे हे शरीराला इंधन पुरत नसल्याचे लक्षण असते, तेही अंगावर काढू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण गाळू नये, साखर एकदम उतरू शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत.

वजनकाट्याशेजारी एक वही ठेवावी. आठवड्याला त्यात तीन आकडे लिहावेत : वजन, कमरेचा घेर आणि उचललेले वजन. कंबर कमी होते आहे आणि उचललेले वजन टिकून आहे, तर काटा हळू हलला तरी दिशा बरोबर आहे. काटा भराभर उतरतो आहे आणि उचललेले वजनही खाली येते आहे, तर ताटात एक भाकरी परत घ्यावी.