सायकल उधळते, ताल ढळत नाही

ऑस्ट्रेलियन कवी बँजो पॅटरसन यांची ‘मल्गा बिल्स बायसिकल’ ही कविता १८९६ साली ‘सिडनी मेल’मध्ये छापून आली. सायकलचं वेड तेव्हा जोरात होतं. ईगलहॉक गावचा मल्गा बिल घोडा सोडून सायकल घेतो, आपल्यासारखा स्वार नाही अशी बढाई मारतो आणि उतारावरून थेट ओढ्यात जातो. गोष्ट एवढीच. ती रंगते कशी, हे कळायला कविता तीनदा मोठ्याने वाचावी.

पहिल्या वाचनात ताल पाहायचा. मराठीत आपण लघु-गुरू किंवा मात्रा मोजतो. इंग्रजीत आघात मोजावे लागतात. इथे एक अक्षर हलकं, पुढच्यावर जोर, अशा सात जोड्यांची ओळ होते. म्हणजे चौदा अक्षरं, आणि बहुधा आठव्यानंतर यती. सायकल सुटल्यावरही ही चाल तशीच राहते. वेग वाढल्यासारखा वाटतो तो क्रियापदांमुळे: सायकल खोडाच्या अगदी जवळून निसटते, झाड चुकवते, दगडावर आदळून उसळते. ठेका स्थिर असल्यामुळेच ही धांदल हसू आणते.

दुसऱ्या वाचनात यमक. लागोपाठच्या दोन-दोन ओळी जुळतात. पण सायकल उधळते त्या दोन्ही कडव्यांचा शेवट ‘क्रीक’वरच, म्हणजे ओढ्यावर होतो. आधी त्याच्याशी ‘स्ट्रीक’ (रेघ) जुळतं, मग ‘श्रीक’ (किंकाळी). बिलची किंकाळी ऐकू येताच पुढे पाणी आहे हे कानाला आधीच कळलेलं असतं.

तिसऱ्या वाचनात पुनरावृत्ती. ‘डेड मॅन्स क्रीक’ हे नाव चारदा येतं: आधी बिलच्या घराखाली, मग उताराच्या टोकाशी, मग उडीच्या शेवटी, आणि अखेर सायकलचं विश्रांतिस्थान म्हणून. आता ओळींचे पहिले शब्द पाहा. सुरुवातीला ‘तो’ पुन्हा पुन्हा येतो: तो कपडे चढवतो, तो दुकानात जातो. सायकल सुटली की ओळीमागून ओळ ‘ती’ने सुरू होते. कर्ता बदलला, म्हणजे लगाम कोणाच्या हाती हेही बदललं.

नाव-गावासकट बिलची ओळख तीनदा होते, दर वेळी ओळीच्या आरंभी. शेवटच्या ओळीत मात्र त्याचं नाव टोकाला, यमकाच्या जागी येतं. तिथे तो घोड्याची पाठच बरी म्हणतो.