उद्योजक म्हणजे कोण?

'उद्योजक' हा शब्द कानीं पडतांच गिरणी, धुराडें व शहरांतील पेढी डोळ्यांपुढें उभीं राहतात. शेतकरी कोणास आठवत नाहीं. परंतु अर्थशास्त्रांत या शब्दाचा मूळ अर्थ पाहिल्यास शेतकऱ्याचें स्थान त्यांत अगदीं पहिलें आहे.

रिचर्ड कँटिलॉन या आयरिश वंशाच्या पेढीवाल्याचा व्यापारविषयक निबंध फ्रेंच भाषेंत १७५५ सालीं प्रसिद्ध झाला. ज्याची मिळकत ठरलेली तो पगारदार, व जो आज ठरलेला खर्च करून पुढील अनिश्चित मिळकतीची वाट पाहतो तो उद्योजक, असा भेद त्यानें केला. आणि उदाहरण शेतकऱ्याचें दिलें. खंड आधीं ठरतो. पीक किती येईल व भाव काय मिळेल, हें पेरतेवेळीं कोणासहि ठाऊक नसतें. महसूल कचेरींत लेखणी चालविलेल्यास हें चांगलें कळतें. साऱ्याचा आकडा आधींच लिहितां येतो, पिकाचा मात्र खळें झाल्यावर.

भूमीस खंड, श्रमास मजुरी व भांडवलास व्याज मिळतें. या तिहींची जुळणी करून जोखीम घेणें हें उद्योजकाचें काम. तिघांचें देणें भागून उरेल तो त्याचा नफा, न उरल्यास तोटाहि त्याचाच.

याखेरीज नवी वस्तु प्रचारांत आणणें हेंहि त्याचेंच काम होय. बेळगांवीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते या समजुतीमुळें तो खपेना. त्यांनीं धीर सोडला नाहीं. १९१० सालीं औंध संस्थानांत कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला, व पुढें तोच नांगर गांवोगांव गेला. एकट्याचा आवांका नसेल तर अनेकांनीं मिळूनहि उद्योजक होतां येतें. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें उभा राहिलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना याची साक्ष देतो.

मात्र जोखीम घेणारानें हिशेबहि ठेवला पाहिजे. समजा, उसाचा रोख खर्च वजा जातां १,००,००० रुपये हातीं राहिले. आपण त्यास नफा म्हणतों. परंतु घरच्या माणसांची मजुरी ६०,०००, स्वतःच्या जमिनीचा खंड ३०,००० व गुंतविलेल्या पैशाचें व्याज १५,००० मांडल्यास ५,००० रुपये तोटाच निघतो. म्हणजे जोखमीचा मोबदला तर नाहींच, उलट स्वतःची मजुरीहि पुरती सुटली नाहीं. हें न कळल्यानेंच कित्येकजण तेंच पीक वर्षानुवर्षें घेतात व कर्ज कोठून झालें याचा शोध करीत बसतात.

याकरितां येत्या पाडव्यापासून प्रत्येक शेतकरी बंधूनें पीकवार निराळें खातें घालावें, व त्यांत घरची मजुरी, खंड आणि व्याज हीं प्रथम मांडावीं, अशी विनंति आहे.