एका चार्जिंगमध्ये ग्वाल्हेर गाठता येईल का?

झाशीतल्या मराठी घरात विजेची स्कूटर घ्यायचा विषय निघाला की ग्वाल्हेरचे नाव येतेच. तिथल्या लष्कर भागात कुणाची आत्या असते, कुणाचे सासर. अंतर शंभर किलोमीटर. दुकानदार सांगतो, ‘रेंज दीडशे’, म्हणजे एकदा चार्ज केली की दीडशे किलोमीटर. मग काय, ग्वाल्हेर गाठून वर पन्नास उरतील! कागदावर हा हिशेब बिनचूक आहे. महामार्गावर मात्र तो वाटेतल्या डबऱ्याच्या पुढेमागे कोसळतो. का कोसळतो ते आपण क्रमाने पाहू.

सुरुवात बॅटरीच्या आकारापासून करू. तो किलोवॉट-तासांत मोजतात. शब्द अनोळखी वाटला तरी एक किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचे एक युनिट. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार करून हजाराने भागले की युनिट मिळतात. बाजारात ‘साठ व्होल्ट, तीस अँपिअर’ असे बोलतात, त्याचे झाले १.८ युनिट. इथे फसगत होते ती केवळ व्होल्टवर भुलल्याने. ७२ व्होल्टची पण २० अँपिअर-तासांची बॅटरी १.४४ युनिटांचीच असते, म्हणजे साठ व्होल्टवालीपेक्षा लहान.

शिवाय सगळी बॅटरी आपल्या वाट्याला येत नाही. बॅटरीवर देखरेख करणारी एक विद्युत-पाटी असते, तिला बीएमएस म्हणतात. बॅटरी पूर्ण रिकामी होऊन खराब होऊ नये म्हणून ती थोडा साठा राखून ठेवते. ३.७ युनिटांच्या स्कूटरीत प्रत्यक्ष वापरायला सव्वातीनच्या आत-बाहेर मिळतात. विकत घेताना ‘वापरण्याजोगी किती?’ हे विचारा. उत्तर न देणाऱ्या विक्रेत्याकडून घ्यायची घाई करू नका. शिशाच्या जुन्या पद्धतीच्या बॅटऱ्या निम्म्याहून खाली वारंवार उतरवल्या तर लवकर मरतात, म्हणून त्यांचा हिशेब आणखी कमी धरावा.

आता दीडशेचा आकडा. कंपनीने तो हवेतून काढलेला नसतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत गाडी रोलरवर चढवून ठरावीक पद्धतीने चालवतात. या पद्धतीला इंडियन ड्रायव्हिंग सायकल म्हणतात: १०८ सेकंदांचे एक आवर्तन, त्यात थांबणे, निघणे, वेग वाढवणे, कमी करणे. कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर, सरासरी जेमतेम २२. झाशीच्या माणिक चौकातल्या गर्दीत आपण असेच चालवतो. तेव्हा आकडा खरा आहे, फक्त तो माणिक चौकाचा आहे, महामार्गाचा नाही. एथर कंपनीने ४५० एक्सच्या ३.७ युनिटांच्या स्कूटरसाठी प्रमाणित १५० आणि रस्त्यावरची ११० असे दोन्ही आकडे छापले होते. हा प्रामाणिकपणा सगळ्यांनी दाखवला असता तर या लेखाची निम्मी गरज संपली असती.

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची: गाडीची भूक. एक किलोमीटरला किती वॉट-तास लागतात, हा तो आकडा. हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट. वापरायला मिळणाऱ्या ३,२०० वॉट-तासांत दीडशे किलोमीटर जायचे तर भूक २१च्या आसपास हवी. ताशी ४०ने एकटे गेलो तर ती साधारण २८ होते, ताशी ६०ने ४०च्या घरात. म्हणजे तीच स्कूटर एकदा ११४ किलोमीटर जाते, एकदा ८०. शरीरयष्टी आणि मॉडेल बदलले की हे आकडे थोडे हलतील, पण कल हाच राहील.

इतका फरक पडतो तो हवेमुळे. स्कूटरवर आपण ताठ बसतो, छाती सरळ वाऱ्याला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग ४०चा ६० केला, म्हणजे दीडपट, की विरोध सव्वादोनपट. ताशी ६०ला मोटर जे काम करते त्यातला मोठा हिस्सा हवा कापण्यातच जातो. त्यात आपल्याकडची लू, म्हणजे उष्ण वारा. उन्हाळ्यात ती पश्चिमेकडून, वायव्येकडून येते, आणि ग्वाल्हेर झाशीच्या उत्तरेला, किंचित वायव्येलाच आहे. वारा ताशी २० किलोमीटरने समोरून आला तर काट्यावर ६० दिसले तरी हवेच्या लेखी आपण ८०ने चाललो आहोत. विरोध जवळजवळ पावणेदोनपट. जाताना बॅटरी भराभर उतरली आणि येताना पुरून उरली, तर स्कूटरवर संशय घेऊ नका.

बाकीच्या गोष्टी त्यामानाने लहान. मागे एक माणूस बसला की सपाट रस्त्यावर दहा-पंधरा टक्के जास्त खर्च होतो. टायरमधली हवा कमी असेल तर चाक जड चालते. आठवड्यातून एकदा ती तपासणे हा सर्वांत स्वस्त उपाय. ब्रेक लावताना मोटर उलट वीज तयार करून बॅटरीत परत पाठवते, पण तिचा उपयोग शहरातल्या थांबत-निघत चालण्यात. मोकळ्या महामार्गावर ब्रेकच लागत नाही, मग परत काय येणार?

उन्हाचे मात्र झाशीकरांनी मनावर घ्यायला हवे. २८ मे २०२४ रोजी इथे पारा ४९ अंशांवर गेला होता. लिथियम बॅटरी तापली तर त्या दिवशीची रेंज फारशी घटत नाही, उलट थंडीतच थोडी घटते. पण बॅटरी फार तापली की बीएमएस मोटरची ताकद कमी करते किंवा चार्जिंग घेतच नाही, आणि लोकांना वाटते चार्जर बिघडला. उन्हातून आल्यावर गाडी सावलीत अर्धा-पाऊण तास निवू द्या, मगच प्लग लावा. पूर्ण चार्ज करून दिवसभर उन्हात उभी करणे सर्वांत वाईट, कारण त्याने बॅटरीचे आयुष्य घटते. २०२२ मध्ये देशात विजेच्या स्कूटरींना आगी लागल्या, त्यानंतर एआयएस-१५६ हे बॅटरी-सुरक्षेचे नियम कडक झाले. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अखेर असे दोन टप्प्यांत ते लागू झाले. जुनी गाडी घेत असाल तर ती कधी बनलेली आहे ते नक्की पाहा.

आता शेवटच्या वीस टक्क्यांबद्दल. बॅटरी उतरते तसा तिचा दाब, म्हणजे व्होल्टेज, घसरतो आणि जोर मागितला की आणखी खाली बसतो. हे समजून घ्यायला विजेच्या एकचाकीसारखे उदाहरण नाही. शेन चेन यांनी २०११ मध्ये ‘सोलोव्हील’ बाजारात आणली, तेव्हापासून हे वाहन जगभर पसरले. तिच्यात मोटर पुढे तर नेतेच, शिवाय स्वाराचा तोलही तीच सांभाळते. बॅटरी उतरल्यावर स्वाराने जोर मागितला आणि तो मिळाला नाही, तर तो सरळ तोंडावर पडतो. म्हणून यंत्र आधीच पायाखालची पाटी मागे झुकवून त्याला हळू व्हायला लावते. इनमोशन व्ही११ या एकचाकीची बॅटरी १,४२० वॉट-तासांची, दावा १२० किलोमीटरचा. म्हणजे किलोमीटरला बाराही नाहीत! ताशी तीस-पस्तीसने जाणाऱ्या वजनदार स्वाराला वीसच्या आसपास लागतात, मग सत्तरच उरतात. त्यातलेही शेवटचे किलोमीटर रांगत काढायचे. स्कूटरवर आपण पडत नाही, पण वीस टक्क्यांखाली बऱ्याच गाड्या वेग आपोआप कमी करतात. समोर ओव्हरटेक करायचा ट्रक असेल तर हे आधी माहीत असलेले बरे.

पडद्यावर दिसणाऱ्या ‘उरलेले किलोमीटर’ या आकड्यावर विसंबू नका. गाडी आत्ताची भूक पाहून पुढचा अंदाज बांधते. झाशीच्या सीपरी बाजारातून हळूहळू बाहेर पडताना ती ११० दाखवेल, महामार्गावर दहा मिनिटांत तेच ८० होतील. टक्केवारी जास्त भरवशाची.

त्यापेक्षा स्वतःची भूक मोजा. पूर्ण चार्ज करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि ओरछ्याला नेहमीच्या वेगाने जाऊन या. जाणे-येणे दोन्ही धरावे, म्हणजे वारा आणि चढ-उतार बरेचसे फिटतात. किती किलोमीटरमध्ये किती टक्के गेले हे लिहून ठेवा. ३६ किलोमीटरला ४० टक्के गेले असतील तर शंभर टक्क्यांत ९०, आणि वीस टक्के राखून ७२. हाच आपला आकडा. दर वर्षी एकदा पुन्हा मोजा, कारण बॅटरी थोडी थोडी आटत जाते.

आता ग्वाल्हेर. ताशी ४०ने, एकट्याने, वारा पडलेला असताना निघालात तर ३.७ युनिटांची स्कूटर एका चार्जिंगमध्ये पोहोचवेल, पण फार थोडे शिल्लक ठेवून, आणि अडीच तास ट्रकांच्या मधून एवढे संथ जाणे मला तरी सुरक्षित वाटत नाही. ताशी ६०ने ती एका दमात पोहोचणार नाही. दतिया मागे टाकून डबऱ्याला, म्हणजे साठेक किलोमीटरवर पोहोचाल तेव्हा पाव बॅटरी उरलेली असेल आणि पुढचे चाळीसेक किलोमीटर बाकी. सोबतचा चार्जर तासाला पाऊण युनिटाच्या आत वीज भरतो, म्हणजे फार तर अठरा किलोमीटरची सोय. तेव्हा डबऱ्याला दोन तास थांबायची तयारी ठेवा, आणि जिथे थांबणार तिथे प्लग लावू देतील का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा.