फ्रंटियर : फर्स्ट एन्काउंटर्स

अवकाशयान-चालनाचे सदृशीकरण (प्रत्यक्ष परिस्थितीचे गणिती अनुकरण) करणारा ब्रिटिश संगणकीय खेळ. डेव्हिड ब्रेबेन यांच्या केंब्रिज येथील फ्रंटियर डेव्हलपमेंट्स ह्या संस्थेने तो तयार केला व गेमटेक ह्या कंपनीने १९९५ मध्ये विक्रीस आणला. अपुऱ्या अवस्थेत बाजारात आलेला खेळ अशीच त्याची ख्याती आहे. ती त्याच्या गुणांवर अन्याय करणारी असली, तरी निराधार नाही.

ह्या परंपरेचा आरंभ एलिट (१९८४) ह्या खेळाने झाला. ब्रेबेन व इयान बेल यांनी तो केवळ ३२ किलोबाइट स्मृती असलेल्या बीबीसी मायक्रो संगणकासाठी रचला. एवढ्या जागेत ८ दीर्घिका व प्रत्येकीतील २५६ ग्रहमाला साठविणे अशक्यच होते. म्हणून त्या साठविल्या नाहीत, तर गणिताने निर्माण केल्या. तीन बीजसंख्यांची बेरीज करून पुढील संख्या मिळवावयाची, अशा क्रमाने मालिका वाढत जाई व तिच्यातील अंकांवरून ग्रहाचे नाव, स्थान व अर्थव्यवस्था ठरे. बीज तेच असल्याने विश्वही प्रत्येक वेळी तेच निघे. फ्रंटियर : एलिट २ (१९९३) मध्ये ह्याच तत्त्वावर सबंध आकाशगंगा उभी करण्यात आली आणि यानांना न्यूटन यांचे गतिनियम लागू केले. घर्षण नसल्याने इंजिन बंद केले, तरी यान धावतच राही. थांबण्यासाठी उलट दिशेने रेटा द्यावा लागे.

पुढील अडचणींचे मूळही ह्याच तत्त्वात आहे. सूत्राने विश्वाचा विस्तार जवळजवळ विनामूल्य होतो. परंतु त्यात काय काय घडू शकेल, याची तपासणी सूत्राने होत नाही. फर्स्ट एन्काउंटर्समध्ये वृत्तपत्रे व उलगडत जाणारे कथानक यांची भर पडली. त्यासाठी वेळ हवा होता. तो मिळाला नाही. विक्रीस आलेल्या खेळात अनेक दोष राहिले व तो मध्येच बंद पडे. दुरुस्त्या नंतर निघाल्या, पण महाजाल घरोघरी नसलेल्या त्या काळात त्या ग्राहकापर्यंत पोहोचविणे कठीण होते. प्रकाशकाने खेळ अकाली बाजारात आणला, अशी ब्रेबेन यांची भूमिका होती. हा वाद न्यायालयात गेला व अखेर तडजोडीने मिटला. अमिगा संगणकासाठी योजलेली आवृत्ती निघालीच नाही, आणि गेमटेकचे १९९७ मध्ये दिवाळे निघाले. हा प्रकार एकाकी नव्हे. डेरेक स्मार्ट यांचा बॅटलक्रूझर ३०००एडी हा खेळही १९९६ मध्ये असाच अपुरा प्रसिद्ध झाला होता.

एलिट डेंजरस ह्या चौथ्या खेळासाठी ब्रेबेन यांनी २०१२ मध्ये प्रकाशकाऐवजी जनतेकडूनच निधी गोळा केला. तेथेही निराळा पेच उद्‌भवला. महाजालाशी न जोडता एकट्याने खेळण्याची दिलेली सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये, प्रकाशनापूर्वी महिनाभर, रद्द झाली आणि काही देणगीदारांनी पैसे परत मागितले.