‘पंधरा-चाळीस द्या’ म्हणण्याआधी

पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भाजीच्या गाड्या लागतात, तेव्हा दोन पांढऱ्या बोलेरो पिकअपमधला फरक नंबरप्लेट सोडली तर चटकन डोळ्यांत भरत नाही. समजा, एक २०१६ची आहे, दुसरी २०२१ची. मालक दोन्हींचा एकच. ऑइल बदलायची वेळ आली की तो नाना पेठेतल्या दुकानात जाऊन दोन्ही गाड्यांसाठी एकच वाक्य बोलतो, “पंधरा-चाळीस द्या.” दुकानदारही सहसा पुढचं विचारत नाही. पहिल्या गाडीचं त्याने काही बिघडत नाही. दुसरीचं बिघडू शकतं, तेही आधी इंजिनात नव्हे, तर सायलेन्सरच्या वाटेवर.

‘१५डब्ल्यू-४०’ हा आकडा फक्त ऑइलचा दाटपणा सांगतो. डब्ल्यू म्हणजे ‘विंटर’, हिवाळा. १५डब्ल्यू ऑइल उणे २० अंशांनाही इंजिन फिरू न देण्याइतकं घट्ट होता कामा नये, अशी त्याची परीक्षा असते. पुण्याचा नीचांक १.७ अंशांचा, तो जानेवारी १९३५मधला. म्हणजे थंडीत गाडी सुरू होईल की नाही, ही चिंता पुणेकराने करायचं कारण नाही. मागचा ४० मात्र कामाचा. इंजिन तापून ऑइल १०० अंशांवर गेल्यावर ते किती दाट राहतं, हे त्यावरून कळतं. कांद्याची पोती भरून कात्रज किंवा खंबाटकीचा घाट चढणाऱ्या गाडीत बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधला पातळ थर याच दाटपणावर टिकतो. गॅरेजवाल्यांचं पंधरा-चाळीसवरचं प्रेम अडाणीपणाचं नाही. ते अपुरं आहे, इतकंच.

उरलेली माहिती डब्याच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली असते: सीएच-४, सीआय-४, सीके-४. ही अमेरिकेच्या एपीआय या संस्थेची प्रतवारी. सुरुवातीचा ‘सी’ डिझेल इंजिनासाठी, पेट्रोलसाठी ‘एस’. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकी प्रत नवी. आणि शेवटचा चार म्हणजे फोर-स्ट्रोक, दर्जाचा क्रमांक नव्हे. सीएच-४ आलं १९९८मध्ये, सीआय-४ २००२मध्ये, तर सीके-४ डिसेंबर २०१६मध्ये. आपल्या गॅरेजांत अजूनही सीआय-४चा डबा सहज दिसतो, कारण तो स्वस्त पडतो आणि जुन्या गाड्यांना पुरतो.

ही अक्षरं बदलत का गेली, याचं उत्तर डिझेलमधल्या गंधकात आहे. गंधक जळून आम्ल तयार होतं, आणि ते मारायला ऑइलमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियमची अल्कधर्मी रसायनं घालावी लागतात. बीएस म्हणजे ‘भारत स्टेज’, धुराचे सरकारी निकष. बीएस-३ डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत ३५० भागांपर्यंत चालत असे. बीएस-४मध्ये ते ५०वर आलं. देशातल्या तेरा शहरांत हे डिझेल २०१०मध्येच मिळू लागलं, त्यांत महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर ही तीन होती. बाकीच्या देशात सगळीकडे ते पोचायला एप्रिल २०१७ उजाडलं. मग बीएस-५ गाळून १ एप्रिल २०२०ला थेट बीएस-६ आलं आणि गंधक १०वर उतरलं.

गंधक घटलं, तसा धुरावरचा पहाराही कडक झाला. बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाची गाळणी बसली. ती काजळी अडवते, आणि पुरेशी तापली की तीच काजळी जाळून मोकळी होते. राख मात्र जळत नाही. ही राख येते ऑइलमधून: रिंगांच्या फटीतून थोडं ऑइल नेहमीच जळतं, आणि त्यातली धातूची रसायनं मागे उरतात. म्हणून एपीआयने सीआय-४नंतरच्या सीजे-४पासून राखेला वजनाच्या एक टक्क्याची मर्यादा घातली. सीके-४लाही तीच लागू आहे. सीआय-४ला असं बंधन नाही. डब्यावर दाटपणाचा आकडा तोच असतो, गाळणीत साठणारी राख वेगळी असते. डब्यामागे वाचलेले पैसे डीपीएफ बदलायच्या बिलापुढे चिल्लर ठरतात.

उलट बाजूने मामला सोपा आहे. २०१६च्या गाडीत सीके-४ घातलं तर चालतं, कारण ते जुन्या प्रतींची जागा घेऊ शकतं. दोन्ही गाड्यांना एकच डबा हवा असेल, तर तो असा निवडावा. पण त्याआधी गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडावं. काही बीएस-६ गाड्यांना कंपनी ५डब्ल्यू-३० सांगते, आणि तिथे ‘जाड तेवढं चांगलं’ हा हिशेब लागू पडत नाही.

काळ्या ऑइलची भीतीही अशीच. बदलल्यावर थोड्याच दिवसांत डिझेल गाडीचं ऑइल काळं दिसतं आणि मालक दुकानदारावर डोळे वटारतो. पण काजळी चिकटू न देता अंगावर घेऊन फिरणं हेच त्या ऑइलचं काम. दोन बोटांत चोळून त्याचा जोर ओळखणारे उस्ताद प्रत्येक गॅरेजात भेटतात. त्यांच्या बोटांना दाटपणाचा अंदाज येईलही, आम्ल मारायची ताकद किती राहिली ते कळत नाही.

शहरातल्या शहरात फिरणाऱ्या बीएस-६ पिकअपची खरी अडचण वेगळीच आहे. मार्केट यार्ड ते मंडई, मंडई ते कोथरूड, दर चौकात सिग्नल. डीपीएफ काजळी जाळायला निघते आणि तेवढ्यात गाडी बंद होते. अनेक इंजिनं ती काजळी जाळण्यासाठी सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडतात. त्यातलं काही भिंतींवरून ओघळत खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. मग सकाळी सपाट जागेवर, थंड इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहावी तर ऑइल कमी होण्याऐवजी वरच्या खुणेच्याही वर चढलेलं. ‘गाडी ऑइल खात नाही’ म्हणून खूश होणाऱ्या मालकाच्या चेंबरात तेव्हा पातळ झालेलं ऑइल असतं, आणि सीके-४ असो वा आणखी महाग काही, किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न पाहता ते काढावं लागतं. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला, तर भरलेली गाडी साताऱ्याच्या रस्त्यावर न थांबता वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत चालवल्यावर तो बऱ्याचदा विझतो. शनिवार पेठेतून दहा फेऱ्या मारून विझत नाही.